भांड्याचा धडा

८ फेब्रुवारी

काड्या,

फोन उचलत नाहीस ना, मग पत्र घे. पाकिटावरचं अक्षर ओळखून ते न फोडताच कपाटावर टाकशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून तुझ्या बायकोला सांगून ठेवलंय, डायलिसिसच्या खुर्चीत बसलास की शेजारी बसून मोठ्याने वाचून दाखव. हाताला नळ्या लावलेल्या, पळून जाशील कुठे?

आधी त्या दिवशीचं बोलू. मी किडनी देते म्हटल्यावर तू म्हणालास, "तुझं वजन टिकणार नाही, ताई. दोनदा उतरवलंस, दोनदा होतीस तशी झालीस. उद्या एका किडनीवर तुला साखर झाली तर ते पाप माझ्या माथी." आणि फोन ठेवलास. राग तुझ्या नाकावर लहानपणापासून आहे, त्याचं नवल नाही. हे गप्प बसणं मात्र नवीन शिकलास. असू दे. मला त्याचं काही नाही. दर रविवारी फोन लावते तो आपला सवयीने.

डॉक्टरांचं म्हणणंही तुझ्यासारखंच आहे, फक्त ते गोड बोलतात. रक्त जुळतंय, बाकी तपासण्या झाल्यात. पण उतरवलेलं वजन जुलैपर्यंत जागच्या जागी राहिलं तरच मला टेबलावर घेणार. उतरवलंय मी. आता राखायचंय, आणि तेच तर मला आजवर जमलेलं नाही.

त्यासाठी इस्पितळाने एक काचेचा वजनकाटा, मनगटाला एक पट्टा आणि मोबाइलमध्ये एक अ‍ॅप दिलंय. काटा मोबाइलला आकडा कळवतो, पट्टा झोप आणि चालणं मोजतो. सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून ते अ‍ॅप आठवड्याला एक रंग दाखवतं. हिरवा म्हणजे पुढे वजन राहील, पिवळा म्हणजे जपा, लाल म्हणजे वाढणार. मी त्याला ज्योतिषी म्हणते. त्याच्यावर देखरेख करायला एक आहारतज्ज्ञ मुलगी आहे. तिचं नाव मी काटेकोर ठेवलंय. तिला सांगितलंसुद्धा. हसली.

पहिल्याच सकाळी मी घोळ घातला. आपल्या बेकरीत वजन कसं करतात? आधी भांडं ठेवायचं, काटा शून्यावर आणायचा, मग माल टाकायचा. भांड्याचा धडा केल्याशिवाय वजन करणाऱ्याला बाबा गल्ल्यावरून उठून ओरडायचे, आठवतं? तर मी त्याच सवयीने एक पाय काट्यावर ठेवला, शून्याचं बटण दाबलं आणि मग दुसरा पाय ठेवला. पायाचा धडा झाला! आकडा बघितला तर मी शाळकरी पोरीएवढी. खूश होऊन भट्टीकडे निघाले तोच मोबाइल वाजला. "वजनात अचानक घट. कारण सांगा." खाली यादी: आजारपण, प्रवास, काट्याची चूक, इतर. मी उत्तर शोधतेय तोवर काटेकोरचा फोन, "तुम्ही उभ्या आहात ना? चक्कर येतेय का?" मी सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. तुझे भावोजी तर हसून हसून खोकायला लागले. गणिताचा मास्तर म्हणून तूही हसशील, म्हणून लिहिलं. हसलास तर बायकोला सांग, ती मला कळवेल.

ताई

२ मार्च

काड्या,

हसलास म्हणे. बरं झालं.

आज काटेकोरने मला समोर बसवून एक गोष्ट सांगितली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी तिला विचारलं होतं, "दोनदा वजन उतरवलं, दोनदा परत आलं. माझाच जिभेवर ताबा नाही का?" ती म्हणाली, "जिभेचा काय संबंध? वजन उतरलं की शरीर घाबरतं. त्याला वाटतं दुष्काळ पडला. मग ते भूक वाढवतं आणि खर्चात काटकसर करतं. तेवढंच काम केलं तरी आधीपेक्षा कमी जाळतं. तुम्ही एकीकडे ओढता, ते दुसरीकडे ओढतं. बहुतेकांचं वजन असंच परत येतं."

मी म्हटलं, "म्हणजे मी खादाड नाही?"

"नाही."

"पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. काड्या, मला रडूच आलं. इतकी वर्षं लोकांनी म्हटलं, मीही म्हटलं, बेकरीवाली ती, तिच्याने काय होणार. कोणी एकाने तरी हे आधी सांगायचं होतं! या पोरीला मी मनातल्या मनात नमस्कार केला. वयाने माझ्या मुलीएवढी असेल, पण बोलताना समोरच्याला कधी छोटं करत नाही.

मग मी विचारलं, "हा ज्योतिषी करतो काय नेमकं? काटा तर रोज वरखाली होतो." तर ती म्हणते कशी, "तुमचाच धडा. जास्त मीठ खाल्लं, पाणी साठलं, कालचं जेवण उशिरा झालं, त्याने आकडा हलतो. ते भांडं. ते बाजूला काढायचं आणि आतला माल वाढतोय का ते बघायचं. आणि नुसतं वजन नाही बघत तो. झोप बघतो, चालणं बघतो, तुम्ही काट्यावर चढता की टाळता तेही बघतो. तुमच्यासारख्या पुष्कळ माणसांचं आधी काय बिघडलं आणि मग वजन कसं वाढलं, यावरून तो शिकलाय. वजन वाढल्यावर कोणीही सांगेल. त्याआधी सांगितलं तर काही करता येतं."

माझाच शब्द घेऊन मला शिकवलं. तू वर्गात असं शिकवतोस का रे? शिकवत असशील.

गंमत ऐक. परवा मी पट्टा काढून ठेवला होता, तो तुझ्या भावोजींनी हातात घालून बघितला आणि दुपारभर खुर्चीत घोरत पडले. मला निरोप, "आज तुमची हालचाल फार कमी आहे. बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बघा, तुमच्याकडे बघून मशीनलासुद्धा काळजी वाटली. तेव्हापासून भाजी आणायला पायी जातात.

रंग हिरवा आहे. तब्येतीची काळजी घे. शाळेत अर्धा दिवस जातोस हे कळलं. फळ्यासमोर उभा राहू नकोस, खुर्ची घे. लाज कसली त्यात?

ताई

६ एप्रिल

काड्या,

आज लाल आलं.

मी चिडलेय. वजन तेवढंच आहे. तसूभर हललेलं नाही, मी स्वतः बघितलं. आणि हा शहाणा सांगतो, वाढणार! काटेकोरला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुझ्या ज्योतिष्याला गिऱ्हाईक मिळत नसेल तर त्याने दुसरीकडे पाटी लावावी. मी जेवते मोजून, चालते मोजून, बिस्किटाचा घाण्यावर घाणा निघतो तरी चव बघायला आता दुसऱ्या बाईला पुढे करते. आणखी काय हवंय याला?

ती शांतपणे म्हणाली, "उद्या या. भांडायला या, पण या."

डॉक्टरांच्याही कानावर गेलंय. ते म्हणाले, लाल राहिलं तर जुलैचं पुढे ढकलू. पुढे म्हणजे कधी? तुझ्या बायकोने लिहिलंय की मागच्या आठवड्यात डायलिसिस चालू असताना तुझी शुद्ध गेली होती. तुझ्याकडे "पुढे" आहे कुठे?

मला काही सुचत नाही. उद्या जाते.

ताई

९ एप्रिल

काड्या,

हे पत्र बायकोकडून वाचून घेऊ नकोस. तुझं तू वाच.

मी गेले ती तावातावानेच. काटेकोरने माझे सगळे आठवडे एकाखाली एक मांडून ठेवले होते. म्हणाली, "काही दिसतंय का?" मला कुठलं दिसायला! तिने बोट ठेवलं. सोमवारचे रकाने रिकामे. महिना दीड महिना झाला, सोमवारी मी काट्यावर चढलेच नव्हते.

मी म्हटलं, "विसरले असेन."

ती म्हणाली, "विसरणारं माणूस कधीही विसरतं. तुम्ही फक्त सोमवारी विसरता."

मग तिने पट्ट्याचं दाखवलं. रविवारी दुपारनंतर चालणं जवळजवळ थांबतं. रविवारची झोप तुकड्यातुकड्यांची. "रविवारी काय होतं, मावशी?" तिने विचारलं. इतके महिने मला बाई म्हणायची, त्या दिवशी पहिल्यांदा मावशी म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. आणि म्हणता म्हणता माझा बांध फुटला.

तर ऐक. रविवारी बेकरी दुपारी बंद होते. सगळे गेले की मी तुला फोन लावते. तो वाजत राहतो. तू तिकडे फोनकडे बघत बसलेला असतोस, हे मला इथून दिसतं. मग थांबतो. मग मी पाव कापायच्या यंत्रापाशी जाऊन बसते. तिथे डब्यात आठवड्याची टोकं साठलेली असतात, पावाच्या दोन्ही बाजूंची, जी कोणी विकत घेत नाही. ती मी खाते. भूक नसते. चवही लागत नाही. एक झालं की दुसरं. आणि सोमवारी काटा बघायची हिंमत होत नाही. मंगळवारपासून पुन्हा शहाण्यासारखी वागते, म्हणून आकडा अजून सावरलेला होता. पण असं किती दिवस सावरणार?

तुझ्या भावोजींना कळू दिलं नव्हतं मी. तुझ्या बायकोला नाही. तुला तर पहिल्याच पत्रात लिहिलं, मला त्याचं काही नाही. आणि त्या काचेच्या पाटाला कळलं! तू बोलत नाहीस हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं रे. त्याने फक्त एवढं पाहिलं की ही बाई आठवड्यातून एकदा कोलमडते आणि ते लपवते, आणि अशी माणसं थोड्याच दिवसांत घसरतात. मी हात जोडले त्याला. ज्योतिषी म्हणून थट्टा करत होते, ती थट्टा मागे घेतली.

मी काटेकोरला विचारलं, आता औषध काय? ती म्हणाली, "टोकांचा डबा साठवूच नका, शनिवारीच दळून चुरा करून विका. रविवारी दुपारी एकट्या बसू नका, काकांना घेऊन चालायला जा. सोमवारी काट्यावर चढा, आकडा काहीही असो. एवढं माझ्याकडे आहे. बाकीचं तुमच्या भावाकडे आहे."

म्हणून मागते. किडनी घे असं नाही म्हणत. नाही म्हण, शिव्या घाल, माझी अक्कल काढ. पण रविवारी फोन उचल. तुझ्या गप्प बसण्याने मला फार त्रास होतो, काड्या. हे पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं.

ताई

२२ एप्रिल

काड्या,

उचललास!

"बोल," म्हणालास. मी म्हटलं, "काय बोलू?" तू म्हणालास, "मग फोन कशाला केलास?" भावोजी शेजारून खुणा करतायत, बोल, बोल. शेवटी मी विचारलं, या आठवड्यात काय शिकवलंस, तर तू तब्बल अर्धा तास अपूर्णांक सांगितलेस. मला ओ की ठो कळलं नाही. इतकं छान वाटलं म्हणून सांगू!

मग आलास आपल्या वळणावर. "शंभरातून किती वेळा बरोबर येतं तुझं मशीन?" मी काटेकोरला विचारलं. ती लपवाछपवी करत नाही. म्हणाली, "चुकतं. कधीकधी उगाच लाल होतं. ज्याचं वजन वाढायचं त्याला हिरवं दाखवलं असंही झालंय. ते भविष्य नाही, इशारा आहे. पुढचं आपण करायचं." मास्तर, खात्री कोण देतो? तुझे डॉक्टर देतात का?

तुझा दुसरा प्रश्न, "आणि ऑपरेशन झाल्यावर? तेव्हा कोण बघणार?" त्याचं उत्तर मी शोधून ठेवलंय. पट्टा आणि काटा माझ्याकडेच राहणार, ज्योतिषी पुढेही चालू राहणार. आणि अ‍ॅपमध्ये एक जागा असते, साथीदाराची. माझा रंग बदलला, मी काट्यावर चढले नाही, की निरोप मला येतो, काटेकोरला जातो आणि साथीदारालाही जातो. भावोजींना करणार होते, पण त्यांना बिस्किटं आवडतात. तिथे मी तुझा नंबर घातलाय. तू म्हणालास ना, पाप माझ्या माथी? मग घे माथ्यावर आणि पहारा दे. लांब बसून मला घाबरवण्यापेक्षा ते बरं.

मोबाइलवर एक विनंती आली असेल. "स्वीकारा" असं लिहिलंय. गपचूप दाब.

ताई

१७ जून

काड्या,

तुला साथीदार करून मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाय. अरे, पिवळं झालं की लगेच फोन? मी भट्टीसमोर, हातात ट्रे, आणि तू विचारतोस, "काल सूप खारट होतं का?" होतं! पाणी साठलं होतं! भांड्याचा धडा करायला शीक की जरा. काटेकोर म्हणते, असा साथीदार तिने आजवर बघितला नाही, बाकीच्यांना तुझं उदाहरण देते. फुशारून जाऊ नकोस.

मे संपला तोवर हिरवं झालं होतं. सोमवारचे रकाने भरलेत. शनिवारी टोकांचा चुरा होतो आणि तो हातोहात खपतो. रविवारी तुझ्याशी बोलत बोलत चालते, भावोजी मागून येतात आणि मधेच ओरडतात, हळू बोला, लोक बघतायत.

काल डॉक्टरांनी सगळं तपासलं. फाइल मिटली आणि म्हणाले, "राखलंत." एवढाच शब्द. घरी आल्यावर तुला सांगायला फोन केला तर तू माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाहीस. "माहीत आहे, मला निरोप आलाय," म्हणालास. मग बराच वेळ काही बोलला नाहीस. मला वाटलं, झालं, पुन्हा गप्प बसला. आणि मग म्हणालास, "ताई, तारीख घे."

घेतली आहे. मी भीत नाही असं लिहिणार होते, पण आता या पत्रांत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. भीते. पण मी टेबलावर असताना तू शेजारच्या खोलीत असणार, आणि काटेकोर म्हणाली की ती त्या दिवशी रजा टाकून येणार. काचेचा काटा साड्यांमध्ये गुंडाळून पेटीत भरलाय. हसू नकोस.

ताई

२९ जुलै

काड्या,

मला ठाऊक आहे, काल तू फोनवर फोन केलेस आणि मी उचलला नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं, म्हणून घाबरला असशील. भावोजींनी उचलून "बरी आहे" एवढंच सांगितलं, त्यांनाही कुठे बोलता येत होतं? का उचलला नाही ते लिहिते.

परवा इथे घरी पोचले. इस्पितळातून निघताना तू दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आलास, नळ्या नाहीत, सूज नाही, तोंडावर रंग. तुझ्या बायकोने आडोशाला जाऊन डोळे पुसले. मी नाही पुसले, मी तुला म्हटलं, पाणी पी, पाणी पी. तू म्हणालास, "पितो ना, आता पिता येतं."

काल सकाळी काट्यावर चढले. आपल्या घरात, नेहमीच्या जागी, दोन्ही पाय एकदम ठेवून. आकडा बराच खाली. काटेकोर नंतर म्हणाली की ते ऑपरेशन, इस्पितळातलं पथ्याचं जेवण, सगळं मिळून आहे, काळजी नको, सावकाश जागेवर येईल. पण त्या क्षणी मोबाइल वाजला आणि तोच निरोप आला, पहिल्या दिवशीचा. "वजनात अचानक घट. कारण सांगा." खाली तीच यादी. आजारपण? नाही. प्रवास? नाही. काट्याची चूक? मुळीच नाही. मी "इतर" निवडलं. रिकामी चौकट उघडली. काय लिहावं? डॉक्टरांना मी विचारून ठेवलं होतं की किडनी भरते तरी किती. ते म्हणाले होते, मुठीएवढी, फार तर दोन लहान बनपावांच्या पिठाएवढी. मी लिहिलं, "थोडा माल भावाकडे आहे."

पाठवलं. आणि विसरूनच गेले की हे साथीदारालाही जातं.

मी चुलीवर चहा ठेवत होते तेवढ्यात तुझं उत्तर आलं. गल्ल्यावर बसायचास तेव्हा पोचपावतीवर बाबा तुझ्याकडून जे लिहून घ्यायचे, अगदी तेच: "माल मिळाला. वजन बरोबर आहे."

पहिल्यांदा हसू आलं. मग रडू आलं, ते थांबेचना. चहा उतू गेला. तेवढ्यात तुझा फोन वाजायला लागला, आणि मी नुसती त्याच्याकडे बघत बसले. या गप्प बसण्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

आजही काट्यावर चढले होते, सोमवारीही चढेन. रविवारी फोन कर. उचलते.

तुझी ताई